मोलर प्रेग्नन्सीनंतर मेथोट्रेक्सेट, आणि वर 'अभ्यासात नाव घालू का' (इंदूर)

रामबागेतली_वहिनी

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

माझी नणंद (वय २७, सासर देवासचं) सध्या आमच्याकडे इंदुरात आहे. पहिलंच गरोदरपण. तिसऱ्या महिन्यात अंगावरून जायला लागलं, सोनोग्राफीत मोलर निघालं, पिशवी साफ केली. आम्हाला वाटलं, संपलं. डॉक्टरांनी दर आठवड्याला बीटा एचसीजी (गरोदरपणात वारेच्या पेशींतून रक्तात येणारं हॉर्मोन) मोजायला लावलं. आधी आकडा भराभर उतरला आणि मग अडून बसला. शेवटचे चार आठवडे: ३,८००, ३,६५०, ३,७२०, ३,७००. छातीचा एक्सरे स्वच्छ आहे. आता मेथोट्रेक्सेटची इंजेक्शनं सांगितली आहेत. 'स्कोअर १ आहे, घाबरू नका' असं बाई म्हणाल्या, पण कागदावर 'जीटीएन' (वारेच्या पेशींची गाठ) लिहिलंय, आणि घरी पोचेपर्यंत हिनं रिक्षातच मोबाईलवर ते शोधून काढलं. तेव्हापासून धड जेवत नाही.

देवासहून फोन येतात, 'पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल.' २७ वर्षांच्या मुलीची! आमच्या आईंचं (सासूबाई) दुखणं वेगळं. डॉक्टरांनी विचारलं की या आजाराच्या नोंदीचा एक अभ्यास चालू आहे, तिची माहिती आणि थोडं जास्तीचं रक्त देणार का. आई तिथंच म्हणाल्या, "इंदुरात काय काय झालंय ते मी पेपरात वाचलंय. माझ्या लेकीवर प्रयोग नकोत." शिवाय सासरे हृदयरोगी, त्यामुळे 'केमोनं हृदय जातं' हेही कुणीतरी घरात पेरून गेलंय.

हा कॅन्सर आहे का? पुढे मूल होईल का? आणि त्या अभ्यासाला हो म्हणावं का? अनुभव असेल त्यांनी लिहा, डॉक्टर मंडळींनी जरूर लिहा.

राजवाडा_ते_छप्पन

वहिनी, माहिती काही नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहितोय. घाबरू नका हो. अपने इंदूर में डॉक्टर भोत आहेत, एकाला दोन ठिकाणी विचारून घ्या.

लष्करवाली_डॉक्टर

ग्वाल्हेरहून. स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. पेशंट न बघता उपचार सांगत नाही, पण तुमच्या बाई योग्य दिशेनं चालल्यात एवढं चार आकड्यांवरून दिसतं.

मोलरमध्ये गर्भ नीट बनतच नाही. पूर्ण मोलरमध्ये बीजात आईची गुणसूत्रं नसतात, सगळी वडिलांकडून येतात. वारेच्या पेशी मात्र माजतात, सोनोग्राफीत द्राक्षांच्या घोसासारख्या दिसतात. पिशवी साफ केल्यावर बहुतेक बायका आपोआप बऱ्या होतात. पूर्ण मोलरनंतर साधारण १५ टक्के जणींत काही पेशी चिवटपणे उरतात आणि वाढू लागतात, अपुऱ्या मोलरनंतर हे प्रमाण फार कमी. ते ओळखायला फिगो या आंतरराष्ट्रीय संघटनेचे निकष आहेत: तीन आठवड्यांत चार वेळा मोजूनही आकडा दहा टक्क्यांच्या आतबाहेर अडकलेला, किंवा दोन आठवड्यांत तीन वेळा मोजून चढता. तुमचे चार आकडे पहिल्या निकषात तंतोतंत बसतात.

मग गुण देतात. वय, आधीचं गरोदरपण कुठल्या प्रकारचं, त्याला किती महिने झाले, एचसीजी किती, गाठ केवढी, कुठं कुठं पसरलीय, किती ठिकाणी, आधी केमो फसली का. सहापर्यंत कमी धोका, सात किंवा वर जास्त धोका. तुमच्या नणंदेला जो एक गुण मिळाला तो एचसीजी हजार ते दहा हजारांत आहे म्हणून.

कॅन्सर आहे का? कॅन्सरसारखं वागू शकणारं आहे, म्हणून औषध कॅन्सरचं. पण कमी धोक्याच्या गटात बरं होण्याचं प्रमाण जवळजवळ शंभर टक्के आहे. मेथोट्रेक्सेटला दाद मिळाली नाही तर ॲक्टिनोमायसिन असतं, त्यानंतर पाच औषधांचा मिश्र कोर्स असतो. कॅन्सरच्या ओपीडीत अशी वाक्यं रोज बोलायला मिळत नाहीत, तेव्हा नणंदबाईंना हे वाक्य माझ्याकडून सांगा.

पिशवी काढायचा सल्ला देणाऱ्या देवासकरांना सांगा की मूल हवं असलेल्या या वयात ती काढायची गरज नाही, आणि काढली तरी एचसीजी मोजत राहावंच लागतं. कटकट तशीही मिटत नाही.

कोथीपोळवाली

वडोदऱ्याहून. लॅबमध्ये काम करते म्हणून तेवढ्यापुरतंच.

आकडे एकाच लॅबचे, एकाच यंत्रावरचे असू द्या. एचसीजीचे रेणू रक्तात वेगवेगळ्या तुकड्यांत फिरतात आणि प्रत्येक कंपनीचं किट ते सगळे सारखे पकडत नाही. आज जवळची लॅब, पुढच्या आठवड्यात स्वस्त पॅकेजवाली लॅब, असं केलं की अडलेला आकडा उतरलेला दिसतो किंवा उलट. घरी रक्त घ्यायला येणारा मुलगा नमुना नेमका कुठं पाठवतो तेही विचारा. आमच्याकडे लोक रिपोर्टवरचा लोगो बघतात, तपासणी कुठं झाली ती बारीक ओळ बघत नाहीत.

तारीख आणि आकडा वहीत लिहा, जमलं तर आलेख काढा. डॉक्टरांनाही रिपोर्टांच्या गठ्ठ्यापेक्षा तो आवडतो.

निसर्गोपचारी_दादा

एवढं विष शरीरात घालण्यापेक्षा गव्हांकुराचा रस आणि पालेभाज्यांचा काढा महिनाभर द्या. फॉलिक ॲसिडनं रक्त

(प्रतिसादाचा उर्वरित भाग संपादकांनी काढला आहे. उपचार थांबवायचे सल्ले इथं चालणार नाहीत.)

लष्करवाली_डॉक्टर

बरं झालं काढला. पण त्यातलं एक वाक्य उपयोगाचं आहे, उलट्या अर्थानं.

मेथोट्रेक्सेट काम करतं ते पेशींना फॉलिक ॲसिड वापरू न देऊन. गरोदरपणात सुरू केलेल्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घरात उरलेल्याच असतात, आणि 'अशक्तपणा आलाय, घे दोन' म्हणून मायेनं दिल्या जातात. देऊ नका. टॉनिक, मल्टिव्हिटॅमिन, काढे, सगळं डॉक्टरांना दाखवून. दुखण्याच्या गोळ्यासुद्धा विचारल्याशिवाय नाही, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांमुळे हे औषध शरीरात साचतं.

नेहमीची एक पद्धत आठ दिवसांची असते. एक, तीन, पाच, सात या दिवशी मेथोट्रेक्सेट, आणि दोन, चार, सहा, आठ या दिवशी फोलिनिक ॲसिड. हे फोलिनिक वेगळं, ते डॉक्टरच देतात, निरोगी पेशींना वाचवायला. नाव सारखं वाटतं म्हणून मेडिकलवाल्यानं फॉलिक हातात ठेवलं तर घेऊ नका. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. तोंड येतं, डोळे चुरचुरतात, कधी रक्तातल्या पेशी कमी होतात. केस सहसा जात नाहीत, हे तिला आधी सांगा. विचारायला लाजतात, पण पहिला प्रश्न तोच असतो.

आणि आकडा नॉर्मल झाला की थांबायचं नाही. त्यानंतरही साधारण तीन फेऱ्या देतात. इथंच लोक पळतात.

जुनी_कात्रणं

लष्करवाली बाईंच्या शेवटच्या ओळीमागे एक मोठी गोष्ट आहे, राहवत नाही म्हणून लिहितो.

मेथोट्रेक्सेट ज्या कुळातलं, त्याच्या मुळाशी आपला माणूस आहे. यल्लाप्रगडा सुब्बाराव, जन्म १८९५, भीमावरमचे. अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या चमूनं फॉलिक ॲसिडवर काम केलं आणि त्याला अडवणारी औषधं तयार केली. त्यातलं ॲमिनोप्टेरिन बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना दिलं. १९४८ साली ते प्रसिद्ध झालं. मुलं काही महिने सुधारली, पण आजार परतला. सुब्बाराव त्याच वर्षी गेले.

पुढची पायरी १९५६ची. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मिन च्यू ली आणि रॉय हर्ट्झ यांनी कोरिओकार्सिनोमा, म्हणजे याच वारेच्या पेशींचा पक्का कॅन्सर, फुप्फुसात पसरलेल्या बायकांना मेथोट्रेक्सेट दिलं. तोवर या अवस्थेतली बाई वाचत नसे. एक्सरेतल्या गाठी विरघळल्या. सगळे म्हणाले झालं काम. लींनी लघवीतलं एचसीजी मोजलं, ते शून्यावर आलेलं नव्हतं, आणि गाठ दिसत नसतानाही ते औषध देत राहिले. दिसत नाही त्या आजारावर विष घालतोय, असं वरिष्ठांना वाटलं आणि त्यांना संस्था सोडावी लागली. पुढे दिसून आलं की ज्यांना आकडा खाली जाईपर्यंत औषध मिळालं त्यांचा आजार परतला नाही. घन गाठीचा कॅन्सर निव्वळ औषधानं बरा झाल्याची ती पहिली खूण. १९७२ साली ली आणि हर्ट्झ यांना वैद्यकातला लास्कर पुरस्कार मिळाला.

तुमच्या नणंदेला जे इंजेक्शन मिळणार आहे ते हेच. सत्तर वर्षं वापरलेलं.

यशवंत_निवास_रोड

जुना इंदूरकर. तिन्ही प्रतिसाद वाचले, छान आहेत. पण वहिनींच्या सासूबाईंना कुणी उत्तरच दिलं नाही.

त्यांची शंका हवेतली नाही. २०१०च्या सुमारास इथल्या सरकारी रुग्णालयातल्या औषध चाचण्यांवरून जो गदारोळ झाला तो आमच्या पिढीनं पाहिलाय. लहान मुलं, मानसिक रुग्ण, कागदावर सही, पण कशाची ते कुणाला माहीत नाही, असे आरोप होते. विधानसभेत प्रश्न विचारले गेले. २०१२ साली स्वास्थ्य अधिकार मंच सुप्रीम कोर्टात गेला. ३० जानेवारी २०१३ रोजी नियम बदलले आणि चाचणीत इजा वा मृत्यू झाल्यास भरपाई द्यायची तरतूद पक्की झाली. २०१९ साली नवे नियम आले. म्हणजे आज देशभरातल्या रुग्णाला जे संरक्षण आहे त्यात आमच्या गावच्या भांडणाचा वाटा आहे. हे मी अभिमानानं सांगतो की शरमेनं, मलाच ठरवता येत नाही.

तेव्हा 'सायन्स आहे, हो म्हणा' असं कुणी म्हणू नये. गरीब माणूस केसपेपर न वाचता सही करतो कारण डॉक्टरसमोर नाही म्हणायची त्याची छाती होत नाही. ती परिस्थिती नियमांनी बदलत नाही.

आकडेमोड_वडोदरा

यशवंतरावांशी बराचसा सहमत. क्लिनिकल रिसर्चमध्ये सांख्यिकीचं काम करतो.

पण वहिनींनी लिहिलंय त्यावरून तिला विचारलंय ती औषधाची चाचणी नाही. उपचार ठरलेलाच मिळणार, फक्त नोंद आणि नमुना. दोन्ही गोष्टींत फरक आहे आणि तो फरक संमतीपत्रात लिहिलेला असतो. तरी विचारायचंच: नैतिकता समितीची मंजुरी आहे का, नोंदणी क्रमांक आहे का (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, २००७ पासून चालू, औषध चाचण्यांना २००९ पासून सक्तीची, कुणालाही घरी बसून शोधता येते), नमुना पुढे कशाला वापरणार, नाव लपवणार का, आणि मधेच नको म्हटलं तर उपचारात फरक पडेल का. शेवटच्याचं उत्तर 'नाही'च असलं पाहिजे. मराठी किंवा हिंदी प्रत मागा, घरी आणा, आईंना वाचायला द्या. घाई केली तर नको म्हणा, बिनधास्त.

आता नोंद का हवी ते. हा आजार दुर्मीळ आहे आणि दुर्मीळ आजारात आमचा धंदा बसतो. अमेरिकेत आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट विरुद्ध दोन आठवड्यांनी ॲक्टिनोमायसिन अशी चाचणी झाली, निकाल २०११ साली आला: पूर्ण दाद मिळालेल्या ५३ टक्के विरुद्ध ७० टक्के. लोक म्हणाले, आठवड्याची पद्धत मुळातच लेचीपेची, अनेक दिवसांच्या कोर्सशी तुलना करा. तशी चाचणी काढली तर एवढ्या देशांत मिळून ५७ बायका जमल्या आणि ती बंद करावी लागली. म्हणजे सत्तर वर्षांच्या औषधाचा सगळ्यात चांगला कोर्स कुठला, हे अजून नीट सिद्ध झालेलं नाही.

ब्रिटननं दुसरा रस्ता धरला. १९७३पासून प्रत्येक मोलरची केंद्रीय नोंद, नमुने टपालानं मोजक्या केंद्रांकडे. लंडनच्या चेरिंग क्रॉसला त्यातूनच जास्त धोक्याच्या गटासाठीचा पाच औषधांचा कोर्स पक्का झाला. २०१७ साली त्यांनी लॅन्सेटमध्ये कुठल्याच केमोला न जुमानणाऱ्या चौघींवर पेम्ब्रोलिझुमॅब (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध) वापरल्याचं छापलं, तिघी बऱ्या झाल्या. चौघी! हृदयरोगात चौघांचा पेपर कुणी वाचणार नाही. इथं तो वाचतात, कारण दुसरा नसतोच.

यशवंत_निवास_रोड

@आकडेमोड, तुमचा मुद्दा पोचला. पण हृदयाचं नाव काढलंच आहे तर सांगा, लंडनला लोकांना खोटी अँजिओप्लास्टी केली होती ना? छातीपर्यंत तार घातली, स्टेंट टाकलाच नाही, आणि रुग्णाला सांगितलं नाही. याला काय म्हणायचं?

आकडेमोड_वडोदरा

ऑर्बिटा, २०१७. दोनशे रुग्ण, सगळे स्थिर छातीदुखीचे. अर्ध्यांना स्टेंट, अर्ध्यांना नुसती प्रक्रिया. पण तुमच्या वाक्यात एक गोष्ट सुटली. 'तुम्हाला स्टेंट मिळेल किंवा मिळणार नाही आणि सहा आठवडे आम्ही सांगणार नाही' हे त्यांना आधी सांगून, सही घेऊनच केलं. इंदूरच्या आरोपांत नेमकं तेच नव्हतं.

आणि निघालं काय? ट्रेडमिलवर चालण्याच्या वेळेत दोन गटांत जेमतेम साडेसोळा सेकंदांचा फरक, तोही सांख्यिकीत न टिकणारा. मग २०२३ साली ऑर्बिटा-२, ३०१ रुग्ण, यावेळी छातीदुखीच्या गोळ्या बंद करून. तिथं स्टेंटनं दुखणं खरंच कमी झालं. म्हणजे उत्तर 'स्टेंट बेकार' असंही नाही आणि 'ब्लॉक दिसला की टाका' असंही नाही. अलीकडच्या इस्केमिया चाचणीत ३७ देशांचे ५,१७९ रुग्ण होते, भारतातले बरेच. स्थिर रुग्णांत आधी औषधं देऊन बघितली तर मृत्यू वा झटके वाढले नाहीत. हार्ट ॲटॅक येत असताना मात्र हा हिशोब लागू नाही, तेव्हा कुणी हा प्रतिसाद वाचून छातीत कळ घेऊन घरी बसू नका.

यशवंत_निवास_रोड

बरं. मग आपल्या मुंबईचं घ्या. झोपडपट्टीतल्या बायकांवरचा टाटाचा अभ्यास. एका गटाची ॲसिटिक ॲसिड लावून गर्भाशयमुखाची तपासणी, दुसऱ्या गटाला फक्त माहिती. दुसऱ्या गटातल्या बायका मेल्या ना?

आकडेमोड_वडोदरा

त्यावर भांडायला जागा आहे, नाही म्हणत नाही. १९९८ला सुरू झाला, दोन्ही गट मिळून दीड लाखाच्या आसपास बायका, पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा. समर्थक म्हणतात, देशात तेव्हा तपासणी कुणालाच मिळत नव्हती. विरोधक म्हणतात, तपासणीचा उपयोग होतो हे जगाला माहीत असताना तुलनेचा गट कशाला? मला दुसरी बाजू जास्त पटते, खरं सांगायचं तर. पण तपासलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्के कमी झाले, आणि तपासणी एका प्रशिक्षित आरोग्य सेविकेला व्हिनेगरच्या कुळातल्या द्रावणानं करता येते, हेही त्यातूनच कळलं.

अशी स्वस्त उत्तरं कुठली कंपनी शोधणार नाही. स्तनाच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचायचं, दाताचा डॉक्टर बधिर करायला वापरतो ते. भारतातल्या ११ केंद्रांत मिळून सोळाशेच्या घरात बायका. पाच वर्षांनी जिवंत: न टोचलेल्यांत ८६.४, टोचलेल्यांत ९०.१ टक्के, २०२३ला प्रसिद्ध. औषध शंभर रुपयांच्या आत. इंदूरचं गुटख्याचं प्रमाण बघता तोंडाच्या कॅन्सरचंही लिहायला हवं, पण धागा वहिनींचा आहे.

मांजलपूरची_भाची

क्षमस्व, थोडं अवांतर. माझ्या मावशीला स्तनाच्या कॅन्सरसाठी आधी लाल रंगाची केमो झाली आणि आता ट्रास्टुझुमॅब (कॅन्सरच्या पेशींवर नेमकं काम करणारं इंजेक्शन) चालू आहे. परवाच्या टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग ६० वरून ४८ टक्क्यांवर आलं. डॉक्टरांनी पुढचा डोस थांबवलाय. कॅन्सर वाढेल म्हणून मावशीनं रडून घर डोक्यावर घेतलंय. वहिनींनी हृदयाचं विचारलं म्हणून इथंच लिहिलं.

एकोरूम

अवांतर कसलं, बरोबर जागी विचारलंत. इंदुरातच एकोच्या खोलीत आयुष्य जातंय माझं.

लाल केमो म्हणजे डॉक्सोरुबिसिन किंवा तिचं भावंड. ती हृदयाच्या स्नायूला मारते आणि मारलेलं बरंचसं परत येत नाही, म्हणून आयुष्यभराच्या मात्रेला मर्यादा असते. ट्रास्टुझुमॅबचं तसं नाही. त्यानं पंपिंग उतरतं, पण थांबवून हृदयाची औषधं दिली तर बहुतेकांचं वर येतं, मग पुन्हा सुरू करता येतं. दहा किंवा जास्त अंकांनी उतरून पन्नासच्या खाली, ही सावधानतेची रेषा. मावशींचं त्यात बसतं, डॉक्टरांनी बरोबर केलं.

घाबरवणारा भाग हलका करायचा तर: ब्रिटनच्या पर्सेफोनी चाचणीत ४,०८८ बायका होत्या, २०१९चा निकाल. सहा महिने ट्रास्टुझुमॅब बारा महिन्यांपेक्षा वाईट ठरलं नाही, आणि हृदयामुळे औषध सोडावं लागलेल्या ३ टक्के विरुद्ध ८ टक्के. सगळ्या देशांनी ते स्वीकारलेलं नाही, बारा महिने हेच अजून चालतं. पण एखादा डोस हुकला म्हणून सगळं बुडालं असं होत नाही.

स्टॅटिन (कोलेस्टेरॉलच्या गोळ्या) देऊन हृदय वाचतं का, यावरही काम झालंय. लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या) ३०० रुग्णांत ॲटोर्व्हास्टॅटिननं पंपिंग पडणाऱ्यांचं प्रमाण २२ वरून ९ टक्क्यांवर आलं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तशीच चाचणी झाली, तिथं फरक दिसला नाही. कारण तिथं केमोची मात्रा कमी असते असं काही जण म्हणतात. तेव्हा मेडिकलमधून स्वतःहून आणू नका.

आणि लॅबवाल्या ताईंचंच माझ्या खात्यात: एको शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच माणसाकडून. माझ्या आणि शेजारच्या खोलीच्या मोजमापात पाच अंक सहज इकडेतिकडे होतात. ६० आणि ४८ एकाच ठिकाणचे आहेत का, ते आधी बघा.

वहिनी, तुमच्या प्रश्नाचं: मेथोट्रेक्सेट किंवा ॲक्टिनोमायसिन त्या लाल केमोच्या जातीचे नाहीत. तुमच्या नणंदेचं हृदय त्यानं 'जात' नाही. मोलरमध्ये धडधडतं ते दुसऱ्या कारणानं. एचसीजी लाखांत असतं तेव्हा ते थायरॉइडला चेतवतं, नाडी पळते. आकडा उतरला की थांबतं.

मांजलपूरची_भाची

दोन्ही एको वेगवेगळ्या ठिकाणचे निघाले. उद्या जुन्या ठिकाणी करून घेतोय. धन्यवाद, मावशीला वाचून दाखवलं.

रामबागेतली_वहिनी

सगळ्यांना एकेक उत्तर देणं जमत नाहीये, पण प्रत्येक प्रतिसाद मी प्रिंट काढून आईंना दिला. (आकडेमोडांचा आणि यशवंतकाकांचा वाद त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. "हे काका आपल्या ओळखीचे असतील" म्हणाल्या.)

इंजेक्शनं सुरू झाली. पहिल्या फेरीत तोंड आलं, तूप आणि गार ताक चाललं. घरातल्या फॉलिकच्या गोळ्या मी स्वतः कचऱ्यात टाकल्या. देवासला जावईबापू स्वतः बोलले, त्यामुळे पिशवीचा विषय तूर्त बंद.

अभ्यासाचं संमतीपत्र हिंदीत मिळालं. त्यात उरलेलं रक्त 'भविष्यातील संशोधनासाठी' ठेवायची वेगळी चौकट होती. नोंदीला नणंदेनं स्वतः हो म्हटलं, त्या चौकटीला नाही. डॉक्टर काही बोलल्या नाहीत, दोन्ही मान्य केलं. आई अजून फुरंगटलेल्या आहेत, पण सही करताना शेजारी बसल्या होत्या.

आता मुलाबाळाचं कुणी लिहिलं नाही हो.

लष्करवाली_डॉक्टर

राहिलंच ते. मूल होतं, आणि बहुतेकींचं पुढचं गरोदरपण इतर कुणाहीसारखंच जातं. पुन्हा मोलर होण्याचा धोका शंभरात एकीच्या आसपास. केमो संपल्यावर साधारण वर्षभर थांबायला सांगतात. कारण दिवस राहिले की एचसीजी चढतं, आणि मग ते बाळाचं की उरलेल्या पेशींचं, हे आम्हाला कळत नाही. तोवर गर्भनिरोधक गोळ्या चालतात. 'हॉर्मोनच्या गोळ्यांनी आजार वाढेल' म्हणून त्या बंद करून बसू नका. वर्षभर महिन्याला रक्त. पुढच्या गरोदरपणात लवकर सोनोग्राफी, आणि बाळंतपणानंतर एकदा एचसीजी.

संमतीपत्रातली ती चौकट वाचलीत, याचं विशेष. आमच्याकडे निम्म्या डॉक्टरांनीही वाचलेली नसते.

जुनी_कात्रणं

वाचनखूण साठवली. वहिनी, दर महिन्याला आकडा लिहीत जा इथं.

रामबागेतली_वहिनी

हो नक्की. एक छोटी शंका. आकडा आता उतरतोय, ९० वर आहे. पण नणंदेच्या मैत्रिणीनं सांगितलं की कुणाचातरी आकडा वर्षभर थोडासा वरच राहिला, केमोवर केमो दिली, आणि शेवटी काही नव्हतंच. असं होतं?

कोथीपोळवाली

होतं, क्वचित. काहींच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात की ती किटमधल्या प्रतिपिंडांना चिकटून खोटा आकडा दाखवतात. परदेशात अशा बायकांना विनाकारण केमो दिल्याची, पिशवी काढल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. ओळखायला सोपं आहे: ही प्रतिपिंडं लघवीत उतरत नाहीत. रक्तात आकडा दिसतोय आणि त्याच वेळच्या लघवीत काहीच नाही, तर संशय घ्यायचा, नमुना पातळ करून आणि दुसऱ्या कंपनीच्या किटवर पुन्हा बघायचं. इथं मात्र लॅब बदलणं योग्य.

तुमच्याकडे आकडा औषधाबरोबर उतरतोय, खोटा आकडा असा उतरत नाही. म्हणून आत्ता काही करू नका. पुढे पाच-दहाच्या आसपास अडला तर डॉक्टरांना एवढंच विचारा की लघवीची करून बघायची का.

रामबागेतली_वहिनी

समजलं. इंदुरात दुसऱ्या किटवर करणारी लॅब माहीत आहे का? वेळ आलीच तर.

एकोरूम

नावं इथं नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.